कॅफिन शेजारच्या बियांना कसं अडवतं? स्वतः तपासून पाहण्यासाठी नवशिक्यांना मार्गदर्शन

कॉफीच्या बीत कॅफिन भरपूर असतं. अरेबिका जातीत वजनाच्या साधारण १.२ टक्के, तर रोबस्टात जवळपास त्याच्या दुप्पट. झाडाच्या हिशेबानं हा मोठा खर्च आहे, कारण कॅफिनच्या एकेका रेणूत नायट्रोजनचे चार अणू अडकतात आणि नायट्रोजन झाडाला सहजासहजी मिळत नाही. तरीही कॉफी, चहा, कोको, ग्वाराना अशा अनेक वनस्पती हा खर्च करतात. कॉफी आणि चहा यांनी तर कॅफिन बनवण्याची कला एकमेकांपासून स्वतंत्रपणे कमावली आहे.

त्यामागे एकच कारण नसावं. कॅफिन किड्यांना आणि गोगलगायींना मारक आहे. एक ते दोन टक्क्यांचं द्रावण फवारलं की गोगलगायी मरतात, हे हवाईमधल्या संशोधकांनी २००२ मध्ये दाखवलं. कॉफी आणि लिंबूवर्गीय झाडांच्या फुलांतल्या मधुरसात कॅफिन अगदी थोडं असतं आणि त्यामुळे मधमाश्यांना त्या फुलांचा वास जास्त काळ लक्षात राहतो, असं २०१३ मध्ये दिसून आलं. तिसरी शक्यता या लेखाचा विषय आहे: बी जमिनीवर पडलं की त्यातलं कॅफिन आजूबाजूच्या मातीत उतरतं आणि शेजारी रुजू पाहणाऱ्या दुसऱ्या बियांना अडवतं.

एका वनस्पतीनं सोडलेल्या रसायनांचा दुसऱ्या वनस्पतीच्या वाढीवर होणारा परिणाम म्हणजे ॲलेलोपॅथी. हा शब्द हान्स मोलिश या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञानं १९३७ मध्ये रूढ केला. निरीक्षण मात्र फार जुनं आहे. अक्रोडाच्या झाडाखाली इतर झाडं नीट वाढत नाहीत, हे प्लिनी या रोमन लेखकानं पहिल्या शतकातच लिहून ठेवलंय.

हे घरी किंवा शाळेच्या वर्गात तपासता येतं आणि त्याला महागडी उपकरणं लागत नाहीत. फक्त एक गोष्ट पहिल्यापासून मनात पक्की ठेवा. कॉफीचं पाणी घातलं आणि मूळ खुंटलं, एवढ्यावरून कॅफिनवर ठपका ठेवता येत नाही. कॉफीत कॅफिनखेरीज शेकडो पदार्थ असतात, शिवाय ती आम्लधर्मी असते. म्हणून पुढे मी कॉफीच्या बशीपेक्षा तिच्या शेजारी ठेवायच्या बशांबद्दल जास्त बोलणार आहे. प्रयोगाचा सगळा जीव त्या बशांत आहे.

आधी थोडं पेशीबद्दल

हा भाग वगळून थेट कृतीकडे जावंसं वाटेल, पण काय मोजायचं हे इथेच ठरतं.

पेशीचं विभाजन होताना आधी केंद्रकाचे दोन भाग होतात आणि मग त्या दोघांच्या मध्ये नवी भिंत उभी राहते. कॅफिन पहिल्या टप्प्यात फारसा अडथळा आणत नाही. केंद्रक दुभंगतं, भिंत बांधायला सुरुवातही होते, पण ती पूर्ण होण्याआधीच विरघळून जाते. शेवटी एका पेशीत दोन केंद्रकं राहतात. कांद्याच्या मुळांच्या टोकांत हे इतकं हमखास घडतं, की पेशीविभाजनाचा अभ्यास करणाऱ्यांनी ०.१ टक्के कॅफिनचं द्रावण तासभर देऊन अशा दोन केंद्रकांच्या पेशी मुद्दाम तयार केल्या आणि पुढे त्यांचं काय होतं याचा माग काढला.

आता बी रुजताना काय होतं ते बघा. बी पाणी शोषून फुगतं, आतल्या पेशी लांबट होतात आणि मुळाचं टोक टरफल फोडून बाहेर येतं. या पहिल्या डोकावण्यात पेशींच्या ताणण्याचा वाटा मोठा असतो, विभाजनाचा कमी. त्यामुळे कॅफिन असलं तरी बी ‘उगवल्यासारखं’ दिसू शकतं. खरी गोची नंतर होते. मूळ पुढे वाढवायला नव्या पेशी लागतात, आणि त्या तयार होणंच थांबलेलं असतं. म्हणून नुसती उगवण मोजणारा माणूस फसतो. मुळाची लांबी मोजायलाच हवी.

कॉफीचं स्वतःचं बी यातून कसं सुटतं, हा मला या विषयातला सर्वांत सुंदर प्रश्न वाटतो. १९८० च्या दशकात झालेल्या अभ्यासांतून दिसलं, की रुजणाऱ्या कॉफीच्या बीत मुळाचं टोक आधी पेशी ताणून कॅफिनच्या साठ्यापासून दूर सरकतं आणि विभाजनाला जोर त्यानंतर येतो. कॅफिन बीजपत्रांत राहतं, मूळ त्याच्या तावडीतून निसटलेलं असतं.

साहित्य, आणि एक गंभीर सूचना

झाकणाच्या उथळ बशा (पेट्री डिश असतील तर उत्तम, नाहीतर झाकणाचे छोटे पारदर्शक डबे), गाळणकागद किंवा छपाई नसलेला टिपकागद, मिलिलिटरच्या खुणा असलेली सिरिंज, मिलिमीटरची पट्टी, न पुसणारा पेन, ऊर्ध्वपातित पाणी आणि बिया.

कॅफिनची शुद्ध पावडर घरी आणू नका. प्रौढ माणसाला सुमारे १० ग्रॅम कॅफिन प्राणघातक ठरू शकतं आणि पावडरच्या दोन-तीन चमच्यांतच तेवढं असतं. घरच्या काट्यावर मिलिग्रॅममधलं वजन भरवशानं होतही नाही. त्याऐवजी २०० मिलिग्रॅम कॅफिनची गोळी वापरा, पण कॅफिनशिवाय दुसरं औषध नसलेली. शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळेत शुद्ध कॅफिन असेल, तर ते शिक्षकांनीच तोलून द्यावं. द्रावणाच्या बाटल्यांवर ठळक नाव लिहा आणि त्या मुलांपासून, कुत्र्यामांजरांपासून लांब ठेवा. कॅफिन कुत्र्यामांजरांना विषारी असतं.

बियांची निवड विचार करून करा. एक बारीक बी घ्या आणि एक जाड. बारकांत मोहरी, मुळा किंवा लेट्यूस चालतील. अळीव प्रयोगशाळांत फार वापरला जातो, कारण तो चटकन रुजतो. फक्त भिजल्यावर त्याच्याभोवती चिकट गर जमतो आणि नवशिक्याला मूळ मोजताना तो त्रास देतो. जाडांत मूग किंवा उडीद. दोन्ही का, याला आधार आहे: १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कॅफिननं काटेमाठाची उगवण रोखली, पण उडदावर तसा परिणाम केला नाही. एकच रसायन सगळ्या बियांशी सारखं वागत नाही, हे पहिल्याच प्रयोगात डोळ्यांनी दिसलं तर पुढची बरीच घाईची अनुमानं टळतात.

बुरशीनाशक चोळलेलं बियाणं घेऊ नका. त्याचा रंग बहुधा भडक गुलाबी किंवा निळसर असतो.

पायरी १: द्रावणं

२०० मिलिग्रॅमची एक गोळी चुरून २०० मिलिलिटर कोमट पाण्यात विरघळवा. कॅफिन साध्या तापमानाच्या पाण्यातही लिटरला सुमारे २० ग्रॅमपर्यंत विरघळतं, तेव्हा इथे ते पूर्ण विरघळणार. वर जो गढूळपणा दिसेल तो गोळी बांधण्यासाठी घातलेल्या पदार्थांचा. द्रावण गाळून घ्या. हे झालं लिटरला १००० मिलिग्रॅमचं मूळ द्रावण.

त्यातलं १०० मिलिलिटर घेऊन त्यात तेवढंच पाणी घाला, की ५०० चं द्रावण तयार. त्यातलं पुन्हा १०० घेऊन तसंच केलं की २५०, आणि आणखी एकदा केलं की १२५. पाचवं नुसतं पाणी. अंदाज यावा म्हणून सांगतो: नेहमीच्या गाळलेल्या काळ्या कॉफीत लिटरला साधारण ४०० मिलिग्रॅम कॅफिन असतं, म्हणजे आपल्या २५० आणि ५०० च्या मधोमध.

इथे एक शंका रास्त आहे. द्रावण घट्ट असेल, तर बीला पाणी ओढणंच जड जाईल आणि मग परिणाम रसायनाचा नसून तहानेचा ठरेल. कॅफिनच्या बाबतीत ही शंका आकड्यांनी सुटते. लिटरला १००० मिलिग्रॅम म्हणजे साधारण ५ मिलिमोल, आणि त्याचा परासरण दाब, म्हणजे द्रावण पाण्याला ज्या जोरानं धरून ठेवतं तो, ०.०१२ मेगापास्कलच्या आसपास येतो, अगदीच नगण्य. एवढ्यानं मोहरीचं बी तहानलेलं राहत नाही. पानांचा दाट अर्क वापराल तेव्हा मात्र हीच शंका खरी ठरू शकते.

पायरी २: बशा मांडणं

प्रत्येक द्रावणासाठी तीन बशा. एकाच बशीवर कधीही विसंबू नका. एखादी बशी खिडकीजवळ राहते, एखादीचं झाकण नीट बसत नाही, आणि तो फरक तुम्ही कॅफिनच्या नावावर मांडून बसता. पाच द्रावणं, तीन-तीन बशा, म्हणजे एका प्रकारच्या बियांना १५ बशा लागतील. सुरुवात एकाच बियाण्यानं करा, हात बसला की दुसरं घ्या.

९ सेंटिमीटरच्या बशीत कागदाचे दोन थर ठेवा आणि सिरिंजनं ५ मिलिलिटर द्रावण सोडा. बशी तिरकी केल्यावर कडेला किंचित पाणी साचावं, बिया तरंगायला नकोत. बिया बुडाल्या तर त्यांना हवा मिळत नाही आणि नुसत्या पाण्यातल्या बियाही रखडतात.

मोहरीसारख्या २० बिया, मुगासारख्या १० बिया, एकमेकींना न चिकटता. फुटक्या, सुरकुतलेल्या आधीच काढून टाका.

बशीवर द्रावणाचं नाव लिहू नका, फक्त आकडा लिहा. कोणता आकडा कशाचा, हे दुसऱ्याकडून वहीत लिहून घ्या आणि मोजणी संपेपर्यंत ते पान उघडू नका. हे पोरकट वाटेल, पण वाकड्या मुळाची लांबी १७ मिलिमीटर लिहायची की १९, हे ठरवताना मन आपल्याला हव्या त्या बाजूला झुकतं. बशी कशाची हे ठाऊकच नसेल, तर झुकणार कुठे? बशांचा क्रमही चिठ्ठ्या टाकून ठरवा.

तापमान २० ते २५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असावं. मोहरी, मूग अंधारात चालतात. लेट्यूसच्या काही जातींना रुजायला उजेड लागतो, तेव्हा त्या उजेडात ठेवा, फक्त थेट उन्हात नको.

पायरी ३: रोज काय पाहायचं

दिवसातून एकदा, ठरावीक वेळी. मूळ २ मिलिमीटर बाहेर आलं, की ते बी उगवलं असं धरा आणि हा नियम शेवटपर्यंत बदलू नका. बुरशी आलेली बी काढा, पण वहीत नोंदवून.

तिसऱ्या दिवशी हातात भिंग घ्या. पाण्यातल्या मोहरीचं मूळ पांढरंशुभ्र, निमुळतं असतं आणि टोकाच्या थोडं मागे मूलरोमांची इतकी दाट लव असते, की बुरशी आली की काय असं वाटावं. (नवशिके ही लव बुरशी समजून चांगली बी टाकून देतात. लव मुळाभोवती सगळीकडून सारखी उभी असते, तर बुरशी वेडीवाकडी पसरते आणि कागदावरही जाते.) आता दाट कॅफिनच्या बशीतलं मूळ बघा: ते आखूड आहे का, टोक बोथट किंवा तपकिरी झालंय का, लव विरळ आहे का? लांबीच्या आकड्याशेजारी हे शब्दांत लिहा. मुळाच्या टोकाचा रंग बदलणं हा लांबीइतकाच महत्त्वाचा पुरावा आहे, पण आकड्यांच्या नादात तो नेमका राहून जातो.

पायरी ४: मोजणी आणि हिशेब

चौथ्या किंवा पाचव्या दिवशी सगळ्या बशा एकाच बैठकीत मोजा. मूळ ओढून सरळ करायला जाऊ नका, ते तुटतं. त्याच्या वळणावर ओला दोरा ठेवा आणि दोरा पट्टीवर मोजा. न उगवलेल्या बीची लांबी शून्य धरायची की ती सरासरीतून वगळायची, हे आधीच ठरवा. मी वगळतो, कारण उगवणीचा आकडा वेगळा असतोच.

समजा, पाण्याच्या तीन बशांत मिळून ६० पैकी ५७ बिया उगवल्या आणि मुळांची सरासरी ४० मिलिमीटर आली. ५०० च्या द्रावणात ५४ उगवल्या आणि सरासरी १४ मिलिमीटर. पाण्याच्या तुलनेत उगवण ९५ टक्के, मुळाची लांबी ३५ टक्के. दोन्हींचा गुणाकार करून १०० नं भागलं, की सुमारे ३३ येतात. याला उगवण निर्देशांक म्हणतात आणि कंपोस्ट तपासताना तो नेहमी वापरला जातो. ८० च्या वर असेल तर द्रावण निर्धोक, ५० च्या खाली असेल तर चांगलंच मारक, असा ढोबळ संकेत आहे. बघा, नुसती उगवण मोजली असती तर ‘९५ टक्के, म्हणजे काहीच झालं नाही’ असं लिहून मोकळे झालो असतो.

तिन्ही बशांच्या सरासऱ्या वेगवेगळ्याही लिहा. पाण्याच्या बशा ३८, ४०, ४२ आणि १२५ च्या बशा ३५, ३९, ४३ अशा आल्या, तर त्यात फरक आहे असं म्हणायचं धाडस करू नका. १२५ ला मुळं उलट जरा लांब आली, तरी दचकू नका. मोठ्या मात्रेत मारक असणारी बरीच रसायनं अगदी थोड्या मात्रेत वाढीला चालना देतात.

मोजून झालेल्या काही खुंटलेल्या बिया साध्या पाण्यानं धुऊन नव्या बशीत साध्या पाण्यावर ठेवा. दोन-तीन दिवसांत मूळ पुन्हा वाढू लागलं, तर कॅफिननं त्यांना नुसतं अडवलं होतं. काळवंडून तशाच राहिल्या, तर मारलं. लोक ही चाचणी करत नाहीत, आणि मला ती सगळ्यात बोलकी वाटते.

पायरी ५: खरी कॉफी, आणि तिच्या शेजारच्या तीन बशा

आता कॉफीकडे येऊ. दूध-साखर न घातलेली काळी कॉफी, पूर्ण थंड केलेली. तिच्यासोबत हे हवंच: साधं पाणी, तितक्याच दाटपणाची कॅफिन काढून टाकलेली म्हणजे डिकॅफ कॉफी, आणि त्याच डिकॅफमध्ये कॅफिन परत घालून केलेली. शेवटची सोपी आहे. अर्धा लिटर डिकॅफमध्ये २०० मिलिग्रॅमची एक गोळी घातली, की लिटरला ४०० मिलिग्रॅम होतं, म्हणजे जवळपास मूळ कॉफीइतकं.

कॉफीनं मुळं खुंटली, डिकॅफनं नाही, आणि कॅफिन परत घातल्यावर पुन्हा खुंटली, तर बोट कॅफिनकडे जातं. डिकॅफनंही तेवढीच खुंटली, तर कारण दुसरं आहे. क्लोरोजेनिक आम्लासारखे पदार्थ डिकॅफमध्येही उरतातच. माझ्या मते खरं चित्र यांच्या मधलं निघण्याची शक्यता जास्त: डिकॅफ थोडं खुंटवेल, कॅफिन त्यात भर घालेल. असा मधला निकाल आला, तर तो ओढूनताणून एका बाजूला नेऊ नका. दोघांचा वाटा किती, हेच तर शोधायचंय.

आम्लतेची वेगळी बशी ठेवायची असेल, तर कॉफीचा पीएच कागदी पट्टीनं पाहा. तो ५ च्या आसपास असतो. पाण्याचा पीएच तेवढा आणायला सायट्रिक ॲसिडचे चार-दोन कण पुरतात. व्हिनेगर वापरू नका, कारण ॲसेटिक आम्ल स्वतःच मुळांना मारक आहे. तुलनेच्या बशीतच विष कालवलं तर तुलना कशाशी करणार?

सूक्ष्मदर्शक असेल, तर कांद्याला पाण्यावर मुळं फुटू द्या, काही मुळं लिटरला १००० च्या कॅफिनमध्ये तासभर बुडवा, मग काही तास साध्या पाण्यात ठेवा. टोकाचे एक-दोन मिलिमीटर कापून, ॲसिटोकार्मिननं रंगवून, काचपट्टीवर दाबून ४०० पट मोठे करून पाहा. एका भिंतीच्या आत शेजारी-शेजारी दोन केंद्रकं सापडली, की वर सांगितलेलं सगळं समोर दिसतं.

पायरी ६: दुसऱ्या वनस्पतींकडे वळताना

हात बसल्यावर पानांचे अर्क तपासता येतात. सावलीत वाळवलेल्या पानांची ५ ग्रॅम पूड १०० मिलिलिटर पाण्यात २४ तास भिजवा, गाळा आणि पुन्हा निम्मं-निम्मं पातळ करत जा. निलगिरी, अक्रोड, बॉटलब्रश, गाजरगवत ही अभ्यासलेली उदाहरणं आहेत. गाजरगवताला हातमोजे आणि मास्क लावल्याशिवाय हात लावू नका, त्यातल्या पार्थेनिनमुळे त्वचेवर वाईट पुरळ उठतं. निलगिरीच्या बशा बाकीच्यांपासून लांब ठेवा. तिच्या तेलातलं सिनिओल हे वासाचं द्रव्य हवेतून पसरतं आणि शेजारची पाण्याची बशी बिघडवतं.

या टप्प्यावर बहुतेकांचे निकाल फसवे येतात. पुरेसा दाट केला, तर जवळजवळ कोणत्याही पानाचा अर्क मुळं खुंटवतो. त्यामुळे ‘दहा टक्के अर्कानं उगवण थांबली’ या वाक्याला माझ्या लेखी किंमत नाही. जिच्याखाली गवत-झुडपं सुखानं वाढतात अशा एखाद्या वनस्पतीचा अर्क त्याच दाटपणानं शेजारी ठेवा. दोन्हींत फरक पडला, तरच बोला.

नुसत्या मुळाकडेही पाहू नका. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियात एका रसायन कंपनीतल्या जीवशास्त्रज्ञाला बॉटलब्रशच्या झुडपांखाली तण फारसं उगवत नाही, असं दिसलं. मातीतून लेप्टोस्पर्मोन हा पदार्थ सापडला. तो स्वतः दुबळा होता, पण त्याच्या धर्तीवर पुढे मेसोट्रायोन हे मक्यातलं तणनाशक तयार झालं. त्याच्या परिणामाची खूण म्हणजे पानं पांढरी पडणं. अशा रसायनाचा परिणाम अंधारातल्या बशीत मूळ मोजत बसलेल्याच्या हाती लागणार नाही. त्यासाठी रोपं उजेडात ठेवून पानांचा रंग पाहावा लागतो.

पायरी ७: बशीतून मातीत

बशीत जे दिसलं ते बागेतही होतं, असं धरून चालू नका. याचं प्रसिद्ध उदाहरण कॅलिफोर्नियाच्या टेकड्यांवरचं आहे. तिथल्या सेज नावाच्या वासाच्या झुडपांभोवती गवताविना उघड्या जमिनीचा पट्टा दिसतो. सी. एच. म्यूलर यांनी १९६४ मध्ये त्याचं कारण झुडपातून हवेत जाणारी वासाची द्रव्यं असल्याचं मांडलं आणि प्रयोगशाळेत ती द्रव्यं खरंच रोपांना मारक ठरली. १९७० मध्ये बार्थोलोम्यू यांनी त्या उघड्या पट्ट्यावर जाळीचे पिंजरे ठेवले. पिंजऱ्यांच्या आत रोपं वाढली. झुडपाच्या आडोशानं राहणारे उंदीर, ससे बाहेर येऊन तिथलं गवत खाऊन टाकत होते. रसायन होतं, ते मारकही होतं, तरी तो पट्टा तयार होण्यात प्राण्यांचा वाटा मोठा निघाला.

मातीत कॅफिनचं दोन तऱ्हेनं काहीतरी होतं: काही भाग सेंद्रिय कणांना चिकटून बसतो आणि काही सूक्ष्मजीव खातात. म्हणून बशीतल्या प्रमाणाला मातीत परिणाम कमी दिसणं साहजिक आहे.

मग कॉफीचा चोथा झाडांना घालावा की नाही? माझं मत स्पष्ट आहे: ताजा चोथा मातीत मिसळू नका, रोपं लावायच्या जागी तर मुळीच नको. मेलबर्नमधल्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ताजा चोथा मिसळल्यावर सगळ्याच झाडांची वाढ घटली. मातीचा प्रकार बदलून फरक पडला नाही, खत घालूनही पडला नाही. चोथा इतर काडीकचऱ्याबरोबर पूर्ण कुजवून कंपोस्ट म्हणून वापरा.

स्वतः पाहायचं असेल, तर आकारमानाच्या ०, २.५, ५, १० आणि २० टक्के चोथा मिसळलेल्या कुंड्या करा, प्रत्येकी तीन. त्यांत मुळा पेरा. जोडीला तेवढ्याच चोथ्याच्या पण सक्रिय कोळशाची पूड मिसळलेल्या कुंड्या ठेवा. कोळसा कॅफिनसारखे पदार्थ धरून ठेवतो. कोळशाच्या कुंडीत रोप सावरलं, तर चोथ्यात मारक रसायनं होती असं मानायला जागा आहे. मात्र नुसती माती अधिक कोळसा अशी कुंडीही हवी, कारण कोळसा पोषक द्रव्यंही थोडीफार धरतो.

सूक्ष्मजीवांचा वाटा तपासायला थोडा धीर लागतो. स्यूडोमोनास पुटिडा या जिवाणूचा मातीतून वेगळा केलेला एक वाण निव्वळ कॅफिनवर जगतो. कार्बनही त्यातूनच घेतो, नायट्रोजनही. तेव्हा एका कुंडीला काही आठवडे २५० चं कॅफिनचं पाणी द्या, दुसरीला साधं पाणी. मग दोन्हींत मोहरी पेरून दोन्हींना ५०० चं पाणी घाला. कॅफिनची सवय झालेल्या कुंडीत मुळं लांब आली, तर त्या मातीत कॅफिन खाणारे जिवाणू वाढले असावेत. खात्री करायला त्या कुंडीतली मूठभर माती एका नव्या कुंडीत मिसळा आणि तेवढीच माती आधी कुकरमध्ये वाफवून दुसऱ्या नव्या कुंडीत. पुन्हा मोहरी, पुन्हा ५०० चं पाणी. न वाफवलेल्या मातीच्या कुंडीतच मुळं सावरली, तर काम जिवंत जिवाणूंचं. दोन्हींत सारखीच सावरली, तर कारण मातीच्या कणांत शोधा.